तपोवनातली हेमांगी

नाशिक हे गाव नाक कापण्यावरून वसलं, असं म्हणतात. लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं ते इथंच. तेव्हापासून या गावात प्रत्येकजण आपलं नाक फार जपतो. उपेंद्र कोठावद्यांना तर ते दुप्पट जपावं लागे. एक तर गुलाबांचा वास घ्यायला, आणि दुसरं म्हणजे गुलशनाबाद गुलाब मंडळात वर ठेवायला.

ही गोष्ट घडली तोवर नाशिकची थंडी म्हाताऱ्यांच्या बोलण्यात तेवढी उरली होती. मे महिन्यात पारा सेहेचाळीसला टेकायचा. त्याचं कुणाला काही वाटत नसे, कारण पुढच्या वर्षी तो सत्तेचाळीसला टेकणार हे ठाऊक असे. खरा घोळ रात्रींनी केला होता. रात्रीसुद्धा तीस अंश.

गुलाबाच्या जातींचं माणसांसारखंच असतं. काही जाती गारव्याच्या लाडात वाढलेल्या: लांब दांडा, मोठं फूल, चाळीस पाकळ्या. दिवसभर उन्हात पानं जी साखर करतात, ती गार रात्री झाड शिलकीत टाकतं आणि तिचंच फूल होतं. रात्र गरम असली की झाड श्वासाश्वासाला ती साखर जाळून टाकतं. मग फुलाच्या वाट्याला काय येणार? लालभडक गुलाब विटकरी झाले, पिवळे धुतलेल्या बनियनसारखे झाले, चाळीस पाकळ्यांच्या अकरा राहिल्या. उरले ते गावठी. लहान फूल, झुपका, काटे ढीगभर. कढईत लावले तरी फुलतील असे.

गुलाब मंडळानं यावर उपाय काढला. हिवाळाच उरला नाही, तर हिवाळी प्रदर्शन कशाला? प्रदर्शन मे महिन्यात. ज्याचा गुलाब वैशाखात फुलेल तो राजा. आणि जी जात लागोपाठ तीन वर्षं प्रदर्शनात येणार नाही, ती यादीतून बाद. तिचं नाव मोकळं. ज्याला हवं त्यानं ते आपल्या गुलाबाला लावावं. फक्त ते नाव जित्या माणसाचं असेल, तर त्याची संमती घ्यावी.

उपेंद्ररावांनी आयुष्यात एकच गुलाब घडवला होता. सोनेरी, कडेला किंचित गुलाबी. त्याला त्यांनी बायकोचं नाव दिलं: ‘हेमांगी’. लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला साडी द्यायची राहून गेली, म्हणून नाव दिलं, असं हेमांगीताई सांगत. पण तो गुलाब खरोखर देखणा होता. एकेकाळी गंगापूर रोडच्या दर तिसऱ्या बंगल्यात ‘हेमांगी’ असे. आता जगात तिचं एकच रोप होतं, कोठावद्यांच्या गच्चीवरच्या कुंडीत. दोन वर्षं त्याला दाखवण्यासारखं फूल आलं नव्हतं. हे तिसरं होतं.

“कोठावदे, नाव चांगलं आहे हो,” मंडळाचे अध्यक्ष सतीश निमसे चहा बशीत ओतत म्हणाले. “वाया जाऊ नये. माझा तो गुलाबी झुपका बिननावाचाच हिंडतोय.”

निमसे पाइपांचे व्यापारी. त्यांचा झुपका दिसायला भाजलेल्या पापडासारखा होता, पण वर्षभर फुलत होता. उपेंद्ररावांनी हसून चहा संपवला आणि घरी येऊन त्याच दिवशी ‘तपोवन’ मागवलं.

‘तपोवन’ म्हणजे कपाटाएवढी काचेची पेटी. ती घेऊन आली डॉ. अन्विता परुळेकर. वय तिशीचं, अंगात बंडी, आणि बोलण्यात उकळलेल्या पाण्यासारखी घाई. शोध तिचाच होता.

“झाडाला एकदा सोसेल इतकं तापवलं, की ते पेशींचं रक्षण करणारी प्रथिनं तयार करतं,” ती सांगू लागली. “शिवाय ते लक्षात ठेवतं. पुस्तकाच्या पानाचा कोपरा आपण दुमडून ठेवतो ना, तशा खुणा झाड आपल्या जनुकांवर करून ठेवतं. पुन्हा ऊन आलं की ते पान लगेच उघडतं. पूर्वी या खुणा दोनचार दिवसांत पुसल्या जायच्या. आम्हाला त्या कायमच्या कशा करायच्या ते कळलंय.”

“कशा?” हेमांगीताईंनी विचारलं.

“मरणाच्या दारापर्यंत न्यायचं आणि चहा न पिता परत आणायचं. रोज. थोडं अलीकडे थांबलं तर झाड काही शिकत नाही. थोडं पलीकडे गेलं तर…” डॉक्टरणीनं खांदे उडवले.

“आणि दार आलं हे कसं कळतं?”

“झाड सांगतं.” तिनं पेटीच्या कपाळावरचं बटण दाबलं. “पाणी कमी पडलं की खोडातल्या बारीक नळ्यांमध्ये पाण्याची धार तुटते. त्याचा आवाज होतो. तुटायला धारच उरली नाही, की आवाजही बंद. आपल्या कानांना ऐकू येत नाही, म्हणून पेटी तो खाली उतरवून ऐकवते.”

टिक. टिक टिक. लाह्या फुटाव्यात तसा आवाज आला. उपेंद्रराव हरखून गेले. त्यांची उभी नोकरी अंबडच्या कारखान्यात तापमापकं आणि दाबमापकं तपासण्यात गेली होती. ज्याला आकडा नाही, ते त्यांच्या मते खरं नव्हतं. इथं दुःखालाही आकडा होता.

हेमांगीताई दातांच्या डॉक्टर. वय बासष्ट, दवाखाना अजून जोरात. त्यांचे हात असे स्थिर की पेशंटला सुई टोचल्याचं बिल बघितल्यावर कळे. गुलाबाचं कलम बांधायचं कामही त्यांचंच. खुंटाच्या सालीत चीर द्यायची, तीत ‘हेमांगी’चा एवढासा डोळा बसवायचा, पट्टी गुंडाळायची. याला डोळा भरणं म्हणतात. “दाढ भरण्यापेक्षा सोपं,” त्या म्हणत. “गुलाब ‘आ’ करून रडत नाही.” मंडळात डोळे भरणारे दुसरे होते, पण ‘हेमांगी’ची काडी उपेंद्ररावांनी कधी परक्या हातात दिली नाही. चोरतील! म्हणून तर जगात एकच रोप उरलं होतं.

पेटी रोपाला दिवसा भाजायची आणि रात्री सोळा अंशांवर निववायची. त्याशिवाय दुसऱ्या दिवशी पुन्हा भाजता आलं नसतं. आता सरकारनं थंडाव्याचा कोटा ठरवून दिलेला. घरटी एक थंड खोली, बस्स. ‘तपोवन’ बेडरूममध्ये आलं आणि बेडरूमचा एसी बंद झाला.

“अहो, माझ्या नावाच्या झाडाला सोळा अंश. आणि मला?”

“तुला पंखा आहे ना.”

“पंखा भट्टीतली हवा फिरवतोय.”

“अगं, झाडाला बिचाऱ्याला बोलता येत नाही.”

“मला येतं म्हणून माझं नुकसान होय?”

उपेंद्ररावांनी तिला समजावलं. अन्विताचं शास्त्र माणसालाही लागू आहे. आठवड्याला अर्धा अर्धा अंश वाढवत न्यायचं, सवय होते. “टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हेमा.”

“टाकी ज्याच्या हातात असते तोच हे म्हणतो,” हेमांगीताई दिवाणखान्यात गादी ओढत म्हणाल्या. “दगडाला कुणी विचारलंय?”

पण रोपानं मात्र नाव काढलं. खालच्या करपलेल्या पानांच्या जागी तांबूस, चकचकीत पालवी आली. मंडळाची माणसं संध्याकाळी चिवडा खात ‘तपोवना’भोवती बसू लागली. रोपाचं टिकटिकणं ऐकून निमसे मांडीवर ठेका धरत. “काय लय आहे हो! आमचा झुपका नुसता मुका.”

रोज सकाळी पेटीतला ट्रे पुसायच्या हेमांगीताई. त्यांना एक गोष्ट दिसली.

“अहो, ही गार लागलं की फूल टाकून देते. पाकळ्या जागेवर दिसतात, पण नुसत्या टेकलेल्या. फुंकर मारली की खाली.”

“शिकवणीतली फुलं आपण खुडतोच. पडली तर पडली.”

अन्विता तेव्हा तपासणीला आली होती. ती म्हणाली, “काकू बरोबर सांगतायत, काका. दिवसभर भाजून काढायचं आणि मग गार करायचं. त्यातून झाड हेही शिकतं की गार लागलं म्हणजे आजचं सोसणं संपलं. मग ते फुलाचा बोजा सोडून साखर वाचवतं. गारव्यात फूल धरणार नाही हं ही.”

“नाशिकच्या मे महिन्यात गारवा कुठून येणार?” उपेंद्ररावांनी विचारलं. सगळे पोट धरधरून हसले. निमसे सर्वांत जास्त.

प्रदर्शन पंधरवड्यावर आलं आणि एका दुपारी वीज गेली. ‘तपोवन’ तेव्हा बरोबर कड्यावर होतं. आतला पारा चढवून झाला होता, टिकटिक दाट झाली होती, आणि आता निववायचं एवढ्यात सगळं ठप्प. घरात एकच बॅटरी. ती एक तर पेटी निववणार, नाहीतर दिवाणखान्यातला लहान कूलर चालवणार. उपेंद्ररावांनी पेटीची पिन बॅटरीला लावली आणि दार वाजलं.

हेमांगीताई दवाखान्यातून चालत आल्या होत्या. रिक्षा मिळाली नव्हती. चेहरा लाल, आणि घामाचा थेंब नाही.

“उपेंद्र,” त्या म्हणाल्या. चाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला नावानं हाक मारली नव्हती. “कूलर लावा. मला काहीतरी होतंय.”

उपेंद्ररावांनी त्यांना सोफ्यावर निजवलं, अंगावर ओला पंचा टाकला, हातात कांदा दिला. कैरीचं पन्हं केलं, त्यात वेलचीसुद्धा घालायला ते विसरले नाहीत. मग काखेत तापमापक लावलं. ते त्यांनी स्वतः तपासलेलं होतं.

“एकशे तीन,” ते म्हणाले. “अजून थोडी जागा आहे. पेटी उतरली की लगेच तुला कूलर. अर्धा तास, हेमा. ती दारात उभी आहे गं.”

हेमांगीताईंनी काही उत्तर दिलं, पण त्याचे शब्द एकमेकांना चिकटले होते. उपेंद्ररावांनी आतल्या खोलीत जाऊन टिकटिक ऐकली. ती विरळ होत होती. ते दारात उभे राहून दोन्हीकडे लक्ष ठेवत होते. निष्काळजीपणाचा आरोप त्यांच्यावर कुणी करू शकणार नाही. पेटी सोळावर आली, त्यांनी पिन काढून कूलरला लावली, आणि त्यांना दिसलं की कांदा जमिनीवर गडगडत गेला आहे.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं, “जीव वाचला. पण लहान मेंदूला उष्णतेचा फटका बसलाय. तोल, हातांची स्थिरता, बोलणं… हे किती परत येईल सांगता येत नाही. अर्धा तास आधी आणायला हवं होतं.”

उपेंद्ररावांचा चेहरा पडला. “म्हणजे, डॉक्टर, कलमाचा डोळा भरणं…?”

“कसलं कलम?”

उपेंद्ररावांनी समजावून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “दातसुद्धा नाहीत भरता येणार आता.” पलंगावरून हेमांगीताई हे सगळं ऐकत होत्या. हात चादरीवर थरथरत होते. त्यांनी एक हात दुसऱ्यानं धरून ठेवायचा प्रयत्न केला, तर दोन्ही थरथरू लागले.

दवाखाना निमसेंच्या पुतण्यानं घेतला. खुर्ची तीच ठेवली.

प्रदर्शनाच्या पहाटे उपेंद्ररावांनी फूल कापलं. अन्विताच्या सांगण्यावरून शेवटचे दोन दिवस पेटी ना भाजत होती, ना निववत होती. असं फूल नाशिकनं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. उमेदीच्या दिवसांतली ‘हेमांगी’, सोनं आणि कडेला लाज. त्यांनी उंटाच्या केसांच्या कुंचल्यानं पाकळीन् पाकळी झाडली आणि फूल वेळेआधी उमलू नये म्हणून लोकरीचा मऊ धागा त्याच्या पोटाशी हलकेच गुंडाळला. प्रदर्शनवाल्यांची ही जुनी युक्ती. परीक्षक समोर आले की धागा सोडायचा, आणि फूल त्यांच्या देखत श्वास घेतल्यासारखं सैल होतं. मंडळाचा रिवाज असा, की ज्याच्या नावाचा गुलाब असेल त्यानंच धागा सोडायचा.

प्रदर्शन एका मोठ्या मंगल कार्यालयात होतं. उन्हात फुलणाऱ्या गुलाबांचं प्रदर्शन म्हटल्यावर परीक्षकांना ऊन लागू नये, ही काळजी निमसेंनी घेतली होती. उद्घाटनाला मंत्री, म्हणून कोट्यातून खास सूट. सभागृहात अठरा अंश. अख्खं नाशिक लोटलं होतं, पोरंबाळं, डबे घेऊन. गुलाबांकडे पाठ करून लोक एसीच्या झोताखाली बसले होते.

हेमांगीताई पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी छताकडे बघितलं, मग टेबलावरच्या फुलाकडे. मग नवऱ्याच्या बाहीला धरून त्या सावकाश, शब्द वेचत म्हणाल्या, “अहो. इथं. गार. आहे.”

“हो ना! किती छान वाटतंय!” उपेंद्रराव म्हणाले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर शाल घातली.

हेमांगीताईंनी एकदाच सांगितलं. परत सांगितलं नाही.

परीक्षक आले. फुलाभोवती फिरले, वाकले. एकानं चष्मा पुसला. निमसेंचं तोंड भाजलेल्या पापडासारखं झालं. अन्विता गर्दीतून पुढे यायची धडपड करत हात हलवत होती; उपेंद्ररावांनी तिला उलट अभिवादन केलं.

“आता धागा,” मुख्य परीक्षक म्हणाले.

“मी सोडतो,” उपेंद्रराव पुढे झाले. “हिला जमायचं नाही.”

“माझं. नाव. आहे,” हेमांगीताई म्हणाल्या.

त्यांना टेबलापाशी आणलं. हात लोकरीपाशी जाई आणि चुकून हवेत फिरे. डबे उघडायचे थांबले. चौथ्या खेपेला धाग्याचं टोक चिमटीत आलं. त्यांनी ते ओढलं.

फूल सैल झालं नाही. ते कोसळलं. सगळ्या पाकळ्या एकदम, टाकलेल्या पदरासारख्या. दांड्यावर हिरवं बोंड राहिलं.

“हात हलला तुझा!” उपेंद्रराव ओरडले. मग परीक्षकांकडे वळून हात जोडले. “हिचा हात कापतो हो. आजारपणामुळे. फुलाचा दोष नाही, हिचा दोष आहे. कृपा करून तसं लिहून घ्या.”

परीक्षकांनी मान हलवली. गर्दीत कुणीतरी चुकचुकलं. ते बाईंसाठी की फुलासाठी, ते कळलं नाही. अन्विता एव्हाना टेबलापाशी पोहोचली होती. “काका, मी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “गार लागलं की ती सोडून देते. आत आली तेव्हाच सोडलं तिनं. धाग्यानं धरून ठेवलं होतं नुसतं.”

निमसेंनी घसा खाकरला. “म्हणजे तिसरं वर्षही… नियमानं पूर्ण फूल दाखवलं असं धरता येत नाही, कोठावदे. नाव मोकळं झालं.”

“संमती लागते!” उपेंद्रराव म्हणाले. “हेमा, सांग यांना.”

हेमांगीताईंनी निमसेंच्या झुपक्याकडे बघितलं. बुटका, काटेरी, पापडासारखा. अठरा अंशांतही फुललेला, सेहेचाळिसातही फुललेला.

“लावा. याला,” त्या म्हणाल्या. “माझं. नाव.”

पाकळ्या खुर्चीखाली आलेल्या एका बाळानं तोंडात घातल्या, म्हणून प्रदर्शन अजूनही लोकांच्या लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेमांगीताई बेडरूमच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी ‘तपोवना’कडे बोट दाखवलं. “बाहेर. कोटा. माझा.”

उपेंद्ररावांनी वाद घातला. रोप शिकलेलं आहे, पण शिकवणी अर्धी आहे, आताच बाहेर ठेवलं तर कड्यावरून जाईल, परत आणायला थंडावा हवा. बाई ऐकून घेत होत्या. सगळं झाल्यावर म्हणाल्या, “आठवड्याला. अर्धा. अंश. सवय. होते.”

मग त्यांनी एसी लावला, पलंगावर पडल्या आणि पांघरूण ओढलं. कुंडी गॅलरीत गेली. पेटीचा आवाज ऐकायचा डबा मात्र त्यांनी उशाशी ठेवून घेतला. त्याची बारीक वायर दाराच्या फटीतून रोपाच्या खोडापर्यंत जात होती.

टिक टिक टिक. गॅलरीत सत्तेचाळीस होतं. उपेंद्रराव कुंडीशेजारी पाटावर बसले होते. त्यांनी रोपावर ओला पंचा टाकला, मुळाशी पाणी घातलं, सावलीला छत्री धरली. टिक टिक टिक टिक. पंचा वाळला, की पुन्हा भिजवला. मधेच ते काचेतून आत बघत. हेमांगीताईंचे हात पांघरुणावर बऱ्यापैकी स्थिर पडले होते.

“हेमा,” त्यांनी काचेवर टकटक केली. “अर्धा तास दे गं. फक्त अर्धा तास आत घेतो.”

“कांदा,” आतून आवाज आला. “ठेवा. मुळाशी.”

त्यांनी खरंच कांदा आणून ठेवला.

आतली टिकटिक दाट झाली. पत्र्यावर पाऊस पडावा तशी. हेमांगीताईंनी डोळे मिटले. बऱ्याच महिन्यांनी त्यांना गाढ झोप लागत होती. टिकटिक विरळ झाली. मग अधूनमधून एखादी. मग एक, बऱ्याच वेळानं.

मग काहीच नाही.

हेमांगीताईंची झोप चाळवली. त्यांनी डब्याला हात लावून पाहिला, गॅलरीकडे मान वळवली आणि जरा कुरकुरत म्हणाल्या,

“अहो. बंद. का केलंत?”